लेकराची वाढ: पोटात असल्यापासून अठरा वर्षांपर्यंत काय बघायचं, कुठं लिहायचं

आमच्या मोठीचं वजनाचं कार्ड चार महिने लोखंडी पेटीत, साड्यांच्या घडीखाली पडून होतं. दिवस कापूस वेचणीचे. अंगणवाडीत वजन व्हायचं त्या दिवशी आम्ही दोघंही वावरात, पोरगी माझ्या मायजवळ. आठव्या महिन्यात ती ७.३ किलो भरली होती. वर्षाची झाल्यावर नेली तर ७.२. मी म्हटलं, चालतं, ठिपका तर हिरव्या पट्ट्यातच पडला. सेविकाताईंनी पेन घेतला, दोन ठिपके जोडले आणि कार्ड माझ्याकडं फिरवलं. रेघ आडवी. चार महिन्यांत लेकरू एक ग्रॅमही वाढलं नव्हतं आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

तेव्हापासून मी वही ठेवतो. मोठी आता सोळाची आहे, धाकटा दहाचा, आणि मागच्या वर्षी पुतणीचं बाळंतपण आमच्याच घरून झालं. या तिघांच्या वेळी जिथं जिथं ठेच लागली, ते क्रमानं लिहितो. मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी आहे. औषध सांगणार नाही. काय बघायचं, कुठं लिहायचं आणि कधी धावायचं, एवढंच.

आधी हे जमवून ठेवा

- माता-बाल संरक्षण कार्ड. उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत नोंदणी झाली की मिळतं.
- आई-बापाचं आधार, रेशन कार्ड.
- आईच्या स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं बँक खातं. सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या खात्यावर मातृवंदना योजनेचे, म्हणजे गरोदर बाईला सरकार देतं ते, पैसे येत नाहीत.
- चालू असलेला एकच मोबाइल नंबर. दर सहा महिन्यांनी सिम बदलायची सवय असेल तर ती आता सोडा, ओटीपी जुन्या नंबरवर जातो.
- दोघांचा रक्तगट आणि सिकलसेलचा रिपोर्ट.
- चौकडीची वही, शिंप्याची टेप, आणि दाराची एक चौकट जिला पुढची पंधरा वर्षं रंग द्यायचा नाही.

१. पहिली तारीख पक्की करा

शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली ती तारीख. पुढचा सगळा हिशेब तिच्यावर चालतो. तिच्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजी तारीख येते: १० नोव्हेंबर असेल तर १७ ऑगस्ट. एकूण ४० आठवडे, २८० दिवस.

तारीख आठवत नाही असं म्हणू नका, सणावरून काढा. पुतणीला तारीख सांगता येईना, पण “पोळा झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी” हे आठवत होतं. कॅलेंडर भिंतीवरच होतं. अंदाजे सांगून टाकलं की पुढं आठव्या महिन्यातलं बाळ नवव्यातलं समजलं जातं आणि ते बारीक आहे म्हणून घर उगाच घाबरतं. उलटंही होतं, ते जास्त वाईट.

नोंदणी १२ आठवड्यांच्या आत करा. आमच्याकडं तीन महिने कोणाला सांगायचं नाही असा रिवाज आहे. शेजारणीला नका सांगू, आशाताईंना सांगा. कारण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर पुष्कळ बायांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. फॉलिक ॲसिडची गोळी त्या नळीसाठीच असते. म्हणून लेकराचा विचार ठरला की गोळी आधीच सुरू करणं उत्तम.

पोटातली वाढ एकसारखी नसते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हृदयाची धडधड सोनोग्राफीत दिसू लागते. पहिलटकरणीला हालचाल १८ ते २० आठवड्यांत जाणवते. २८ व्या आठवड्याला बाळ जेमतेम एक किलोचं असतं, आणि उरलेले दोन किलो शेवटच्या बारा आठवड्यांत चढतात. आता आपल्या गावातला सल्ला आठवा: “शेवटी शेवटी कमी खाय बाई, बाळ मोठं झालं तर सुटका होत नाही.” बाळ भरायच्या वेळीच आईचं ताट अर्धं करतात. हे ऐकू नका. नऊ महिन्यांत आईचं वजन साधारण १० ते १२ किलोनं वाढायला पाहिजे.

मुलगा की मुलगी हे विचारू नका. १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, विचारणाऱ्याचाही.

२. सिकलसेलची तपासणी: विदर्भात ही सोडायचीच नाही

पुण्या-मुंबईकडच्या लेखांत हे सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, आमचा यवतमाळचा भाग, इथं हा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत आहे. आदिवासी समाजात आहे, तसा इतर समाजांतही आहे. “आमच्यात नसतो” म्हणणाऱ्यांच्या घरी मी तो पाहिला आहे.

आधी बोटाच्या थेंबावर सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस करतात, आणि मग कळतं: एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. पहिल्या टेस्टवरून वाहक की रुग्ण हे कळत नाही, म्हणून दुसरा रिपोर्ट आल्याशिवाय घरात रडारड करू नका. वाहक माणूस आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही. आमच्याकडं बायको वाहक निघाली, मी नाही. म्हणून आमच्या लेकरांना एसएस होण्याची भीती नव्हती, वाहक होण्याची मात्र निम्मी शक्यता होती.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता एसएसची असते. प्रत्येक वेळी नव्यानं. पहिलं लेकरू चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. अशा जोडप्यानं दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना रिपोर्ट दाखवावा; पोटातल्या बाळाची तपासणी मोठ्या ठिकाणी होते, पण तिला वेळ थोडा असतो.

जन्मानंतर पहिले काही महिने असं बाळ ठणठणीत दिसतं. पोटात असतानाचं वेगळं रक्त अंगात असतं, ते त्याला सांभाळतं. सहा महिन्यांनंतर हाताचे-पायाचे पंजे सुजून लेकरू कळवळायला लागलं तर तेल चोळत बसू नका, रक्त तपासा.

३. गोळ्या, तपासण्या

लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, आणि लोहावर चहा तर अजिबात नाही. लोह अंगी लागत नाही. शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सिकलसेलचा रुग्ण असेल तर लोह डॉक्टरांना विचारूनच. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पांडुरोग, ७ च्या खाली म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

कमीत कमी चार तपासण्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, त्या दिवशी रोजी बुडाली तरी जा.

मातृवंदना योजनेत पहिल्या लेकरासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकच आहे ना ते आधी बघा. पुतणीचं आधार माहेरच्या नावानं, पासबुक सासरच्या. तीन चकरा त्यातच गेल्या.

४. जन्माचा दिवस

गाडीसाठी १०२, अडचण असेल तर १०८. पावसाळ्यात नाला चढतो अशा गावात असाल तर तारखेच्या आठवडाभर आधीच तालुक्याला जाऊन राहा.

जन्मल्यावर तीन गोष्टी लिहून घ्या: वेळ, वजन, लांबी. वजन अडीच किलोच्या वर हवं, लांबी साधारण ५० सेंमी. तासाभराच्या आत छातीला लावा. पहिलं पिवळं घट्ट दूध, चीक, ते पिळून टाकायचं नाही. मध, गुळाचं पाणी, गुटी काही नाही. आमच्या मायनं मधाचं बोट तयारच ठेवलं होतं. नर्सबाईंनी ते तिलाच चाटायला लावलं.

जन्मनोंदणी २१ दिवसांत, फुकट. इथं बहुतेक जण फसतात: नोंद तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत होत नाही, जिथं जन्म झाला तिथं होते. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, म्हणजे दाखला माहेरच्या तालुक्यात. नाव ठरलं नसलं तरी नोंद करा. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, पुढं १५ वर्षांपर्यंत उशिराचं शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला चालतो, तेव्हा आई-बापाच्या नावाची अक्षरं तिथं खिडकीतच वाचून घ्या.

५. पहिले ४२ दिवस

दवाखान्यात जन्म झाला असेल तर आशाताई सहा वेळा घरी येतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. ही पद्धत आपल्या विदर्भातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढं देशभर लागू झालं. तेव्हा आशाताई आल्या की “बाळ झोपलंय, नंतर या” म्हणून परत पाठवू नका.

पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत. दहा ते चौदा दिवसांत ते परत यायला पाहिजे. नाही आलं तर दाखवा.

लगेच निघायचं ते यावर: बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलंय, अंग गार किंवा तापलेलं, मिनिटाला ६० च्या वर श्वास, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे. पोट फुगलं म्हणून चटके देणारा म्हातारा अजूनही काही गावांत आहे. त्याच्याकडं गेलेला वेळ बाळाचा जातो.

६. रेघ वाचायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मोजमापांवर आहे. त्यासाठी ज्या सहा देशांतली लेकरं मोजली त्यात भारतही होता, म्हणून “हे गोऱ्या पोरांचं माप आहे” ही पळवाट नको. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पण ठिपका हिरव्यात आहे एवढ्यावर घरी येऊ नका. मागचा ठिपका कुठं होता, रेघ छापलेल्या वळणासोबत चढते की नाही, ते बघा. जन्मतः बारीक लेकरू खालच्या बाजूनं पण वळणासोबत चढत असेल तर ते बरं आहे. वरच्या बाजूचं लेकरू आडवं चालायला लागलं तर ते आजारी तरी आहे नाहीतर उपाशी.

ढोबळ हिशेब असा. जन्माचं वजन पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट. लांबी ५० वरून वर्षाला ७५ सेंमी, चार वर्षांना सुमारे १००. दुसऱ्या वर्षात मात्र वजन सगळं मिळून दोन-अडीच किलोच वाढतं. “आधी किती गुटगुटीत होतं, आता खातच नाही” ही तक्रार प्रत्येक घरात याच वयात येते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. पण रेघ चढती आहे तोवरच हे समाधान.

मोजताना होणाऱ्या चुका:

- स्वेटर, चड्डी, पायातले वाळे, सगळं काढा. काटा आधी शून्यावर आहे का ते स्वतः बघा.
- दोन वर्षांच्या आत लांबी झोपवून, नंतर उंची उभं करून. उभं केल्यावर पाऊण सेंमीच्या आसपास कमी भरते. पोरगं आखडलेलं नसतं.
- महिना-दीड महिना आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत तेवढं वजा करून धरा.
- “काहून घडीघडी वजन करता, लेकराले नजर लागते” असं घरातली बुढी म्हणणारच. हो म्हणा, तीट लावा आणि घेऊन जा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या डाव्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. ११.५ सेंमीच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण, अंगणवाडीत त्याला ‘सॅम’ म्हणतात; ११.५ ते १२.५ म्हणजे ‘मॅम’. सॅम निघालं तर ग्राम बाल विकास केंद्र, आणि सोबत ताप, सूज किंवा भूक मेलेली असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. सोंगणी सोडून तिथं राहणं जिवावर येतं, मला माहीत आहे.

७. सहा महिने पूर्ण झाले की वाटी

तोवर फक्त अंगावरचं दूध, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. आमचा उन्हाळा ४५ अंशांचा, तरी नाही. दुधातच पाणी असतं, फक्त जास्त वेळा पाजा.

नंतरची मोठी चूक म्हणजे वरणाचं पाणी. आमच्या मोठीची रेघ त्यानंच आडवी झाली: दिवसभर वरणाचं निवळ, भाताची पेज. पोट भरायचं, अंगी काही लागायचं नाही. खाऊ चमच्यावरून सांडला नाही पाहिजे इतका घट्ट हवा. तुरीचं घट्ट वरण, त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकर, वरून चमचाभर तेल. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला, शेंगदाण्याचा बारीक कूट, अंडं. तेलाला भिऊ नका, लेकराचं पोट लहान असतं आणि तेलात कमी जागेत जास्त बळ मावतं. तीन महिन्यांत आमची रेघ पुन्हा वळणाला लागली.

८. लसी

जन्मतः बीसीजी, पोलिओ, कावीळ-बी. मग ६, १०, १४ आठवडे. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत बूस्टर. ५ ते ६ वर्षांचा विसरतो, १० आणि १६ चे तर सगळेच विसरतात. शाळेतल्या पोराला सुई असते हे लोकांच्या डोक्यातच नसतं. एखादी चुकली तर पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिली तिथून पुढं.

९. बसणं, चालणं, बोलणं

इथं शेजाऱ्याच्या पोराशी तुलना करून लोक स्वतःचा जीव खातात. निरोगी लेकरं आधाराशिवाय बसतात ती चार ते नऊ महिन्यांत कधीही, एकटी चालतात ती आठ ते साडेसतरा महिन्यांत कधीही. काही तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. लाकडी पांगुळगाडा चांगला. आत बसवून ढकलायचा प्लास्टिकचा वॉकर घेऊ नका, तो उंबऱ्यावरून उलटतो आणि चालणं शिकवत नाही.

पण या खुणांवर थांबायचं नाही: चार महिन्यांना मान धरत नाही, सहा महिन्यांना आवाजाकडं वळत नाही, नऊ महिन्यांना बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही किंवा एकही शब्द नाही, दोन वर्षांना “आई ये” असे दोन शब्द जोडत नाही. आणि येत असलेलं काही बंद झालं तर वय कुठलंही असो, लगेच. “बापही उशिरा बोलला होता” यात दोन वर्षं जातात, आणि बहुतेकदा कानच तपासलेला नसतो. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, ० ते १८ वयासाठी. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. हृदयाचं छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडा पाय यांचा उपचार त्यातून मोफत होतो.

१०. शाळेची वर्षं

वाढ इथं शांत असते, वर्षाला ५ ते ६ सेंमी. वाढदिवसाला चौकटीवर खूण करा. वर्षाला ४ च्या आत आली तर डॉक्टरांना वही दाखवा. वही पाहिली की ते निम्मे प्रश्न विचारत नाहीत.

सहाव्या वर्षी सगळ्यात मागं एक दाढ येते. तिच्या जागी आधी दात नसतो, म्हणून लोक तिला दुधाची समजतात आणि किडू देतात. ती कायमची आहे. धाकट्याची मी अशीच घालवली.

जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला. आधारचे ठसे ५ आणि १५ व्या वर्षी नवीन द्यायचे, नाहीतर शिष्यवृत्तीच्या वेळी अडतं.

११. वयात येणं

मुलींमध्ये ८ ते १३ व्या वर्षी छातीपासून सुरुवात, मुलांमध्ये ९ ते १४ व्या वर्षी. म्हणून सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात आणि दहावीपर्यंत मुलं पुढं जातात. पाळी छातीच्या या सुरुवातीनंतर दोन-अडीच वर्षांनी येते. ती आली म्हणजे उंचीचा मोठा झपाटा होऊन गेला, आता साधारण ५ ते ७ सेंमी उरली. आठव्या वर्षाआधी खुणा दिसल्या, किंवा तेरा वर्षांपर्यंत काहीच नाही, तर तपासा. मुलांसाठी हीच हद्द ९ आणि १४.

मोठीला पाळी आली त्या दिवशी ती मला काही बोलली नाही, मीही नाही. दोन दिवसांनी बाजारातून पॅडचं पाकीट आणून मी फळीवर ठेवलं, एवढंच मला जमलं. आईनं आधीच, दहाव्या वर्षी सांगून ठेवलं होतं म्हणून पोर घाबरली नाही. मुलांना तर कोणीच सांगत नाही. आवाज फुटतो, झोपेत कपडे ओले होतात, पोरगं समजतं आपल्याला रोग झाला, आणि बसस्टँडवरच्या जाहिरातीतला वैद्य त्यावर पैसे कमावतो. एका वाक्यात सांगून टाका: सगळ्यांना होतं.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, १० ते १९ वयासाठी. जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी मळमळतं.

उंची किती होईल याचा अंदाज: आई-बापाच्या उंचीची बेरीज, मुलासाठी त्यात १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा, मग निम्मं. बाप १६८, आई १५० असेल तर मुलगा १६५ च्या आसपास, मुलगी १५२ च्या, सात-आठ सेंमी इकडं तिकडं. हाडांची टोकं जुळल्यावर कुठलीही पावडर उंची वाढवत नाही.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची घोटलेली मिसळ. आमच्याकडं पोरं सातवी-आठवीत तोंडात धरतात, बहुतेकदा बापानं दुकानात पाठवल्यावर. सुपारीनं तोंड उघडणं कमी होत जातं. पोराला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडं न्या.

१२. अठरा

मतदार नोंदणीसाठी नमुना ६. लग्न मुलीचं १८ च्या आत नाही, मुलाचं २१ च्या आत नाही. कुठं असं लग्न जमत असेल तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा. अंग अठराला भरलेलं दिसतं, पण पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. म्हणून मोटरसायकलची चावी मी अजून माझ्याकडंच ठेवणार आहे.

पुतणीच्या लग्नात गुण जुळवले, नाडी पाहिली, सिकलसेलचा रिपोर्ट मात्र दोन्हीकडून कोणी मागितला नाही. मोठीचा रिपोर्ट मी वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवला आहे. एएस, आईसारखीच. स्थळं येतील तेव्हा बायोडेटात उंची आणि शिक्षणाच्या खाली ती ओळ लिहायची, आणि मुलाकडूनही तसाच कागद मागायचा, बोलणी सुरू होण्याआधी.